दिवा कुणी घालवला?

फ्रीमाँटहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा होता, इंजिनाच्या आकाराचा. "मावशी, तिकडे बघूच नकोस," भाचा म्हणाला. "तो लागतो नि आपला आपण जातो."

हे ऐकून माझ्या शेजारी बसलेले व्याही ताठ झाले. व्याही म्हणजे भाचेसुनेचे वडील. उभी हयात एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात गेलेली. कारण न कळलेला दिवा लावून घाटात शिरायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. "जावईबापू, गाडी बाजूला घ्या."

बदामाच्या एका बागेच्या कडेला बॉनेट उघडलं गेलं. व्याह्यांनी बॅगेतून पुण्याहून आणलेला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दोन मिनिटांनी निकाल आला, "इंजिन ठणठणीत आहे."

तो शंभर टक्के बरोबर होता. भाचेसुनेनं स्टिअरिंगखाली बोटभर यंत्र खोचून मोबाइलवर कोड वाचला: पी०४५६. म्हणजे टाकीच्या वाफेची अगदी बारीक गळती. दिव्याचं चित्र इंजिनाचं असलं तरी तक्रार पेट्रोलच्या वासाची होती.

या वासामागे मोठा इतिहास आहे. 1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असा धूर दाटला की लोकांना तो जपान्यांनी सोडलेला विषारी वायूच वाटला. त्याचा छडा पुढे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं लावला. बिचारा अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता, तो सोडून त्याला शहराची हवा हुंगावी लागली. गाड्यांचा धूर आणि पेट्रोलच्या वाफा उन्हात शिजून ओझोन होतो, हे त्यानं दाखवून दिलं. नुसती उन्हात उभी असलेली गाडीसुद्धा यात सामील. मग कॅलिफोर्नियानं 1970 च्या मॉडेलांपासून आणि पुढल्या वर्षी सगळ्या देशानं टाकीची वाफ कोंडायला लावली. ती कोळसा भरलेल्या एका डब्यात मुरते आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळतं. या बंदोबस्तात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पडलं तरी कॉम्प्युटरला कळायला हवं, असा दंडक आहे.

"अर्धा मिलिमीटर?" व्याही म्हणाले. "आमच्याकडे त्याला भोक म्हणत नसत. आणि डिझेलला हे चोचलेच नाहीत." हेही बरोबर. डिझेल असं उडून जातच नाही.

ग्रोव्हलँडला पेट्रोल भरलं. नळी 'टक्' करून थांबली तेव्हा बिलावर काहीतरी डॉलर चौऱ्याऐंशी सेंट होते. भाच्याचं शिक्षण अमेरिकेत झालेलं असलं तरी हिशेब सदाशिव पेठेतला. राउंड फिगर केल्याशिवाय तो नळी काढेना. भाचेसून गाडीचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचू लागली: टक् झाल्यावर पुन्हा भरू नये, पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरून कोळसा भिजतो. राउंड फिगर झालीच.

यॉसेमिटीत दोन मुक्काम झाले. एल कॅपिटनचा कडा बघून माना दुखल्या, पण त्याचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलेलं आहे. दिवा होताच.

मग टायोगा खिंड. उंची 9,943 फूट. पलीकडे ली व्हायनिंगला उतरणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी रामरक्षा सुरू केली.

"मावशी, आठ हजार फुटांच्या वर कॉम्प्युटर ही तपासणी करतच नाही," भाचेसुनेनं सांगितलं.

"मग तर म्हणायलाच हवी," मी म्हटलं.

बिशपच्या मोटेलात रात्री दीडच्या सुमाराला आरडाओरडा ऐकून मी खिडकी उघडली. खाली लुंगी, स्वेटर आणि माकडटोपी अशा वेशात व्याही गाडीला स्क्रू-ड्रायव्हर लावून उभे. समोर मोटेलचे गुजराती मालक टॉर्च घेऊन. "गाडी बंद आहे आणि घुं घुं करतेय!" व्याही हिंदीत सांगत होते. मालकांनीही कान लावला. आता दोघं मिळून ऐकू लागले.

भाचेसून जांभया देत खाली आली. या जातीच्या गाडीत इंजिन बंद केल्यावर पाच तासांनी, सगळं थंड झालं की, एक छोटा पंप आपणहून सुरू होतो. टाकीतली हवा ओढतो आणि कुठून गळतंय का बघतो. रोज रात्री हेच चालतं, फक्त ऐकायला कुणी उभं नसतं. व्याह्यांनी तरीही बॅटरीचा नट आवळला. इतक्या थंडीत खाली आलोच आहोत तर.

सकाळी दिवा गेला होता!

व्याही काही बोलले नाहीत, नुसते नटाकडे बघून हसले. भाच्याच्या मते, ग्रोव्हलँडला त्यानं झाकण चार वेळा कटकट फिरवलं त्याचा हा गुण. माझी रामरक्षा होतीच. भाचेसून म्हणाली, "दिवा लागायला लागोपाठ दोनदा नापास व्हावं लागतं आणि जायला लागोपाठ तीनदा पास. काल रात्री तिसरी परीक्षा झाली, एवढंच." कुणाला पटलं नाही. आपल्याकडचे निम्मे नवस याच हिशेबावर फेडले जात असणार.

लोन पाइनला पुन्हा टाकी भरली, पुन्हा राउंड फिगर केली आणि रात्री तिथेच राहिलो. तिथून 14,505 फुटांचा माउंट व्हिटनी दिसतो. दुसऱ्या दिवशी डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली, बॅडवॉटरच्या मिठावर उभे राहून आम्ही शेंगदाण्याची चटणी लावून पोळ्या खाल्ल्या. मुक्कामाला रिजक्रेस्ट. आणि सकाळी दिवा हजर.

भाचा आता घाबरला, कारण गाडीची दर दोन वर्षांची प्रदूषण तपासणी तोंडावर आली होती. दिवा लागलेली गाडी कॅलिफोर्नियात पास होत नाही.

गॅरेजचा मालक जेमतेम बोलणारा होता. त्यानं एका नळीवाटे वाफेच्या वाटांमध्ये अगदी कमी दाबानं पांढरा धूर सोडला आणि तो कुठून बाहेर येतो याची वाट बघत बसला. वेळ जावा म्हणून असेल, त्यानं कोळ्यांची गोष्ट सांगितली. 2011 मध्ये माझदा कंपनीला पन्नास हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पेट्रोलच्या वासाला भुलून पिवळे कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणत होते. भाचेसुनेनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा व्याही अक्षरशः खुलले. म्हणाले, "याला म्हणतात बिघाड!"

तेवढ्यात टाकीच्या झाकणाखालून धुराची एक बारीक रेघ निघाली. व्याही मालकाच्याही आधी पोचले. झाकण उलटं करून त्यांनी रबरी वायसरवर नख फिरवलं. केसाएवढी चीर. दर वेळी पेट्रोल भरून झाकण लावलं की ती चीर कधी दाबून बसायची, कधी उघडी राहायची. झाकण वीस डॉलरच्या आत मिळालं. धुराचे पैसे त्याच्या कितीतरी पट.

दिवा मात्र जळतच राहिला. मालक म्हणाला, कोड पुसून देतो, पण मग कॉम्प्युटरच्या बाकीच्या तपासण्याही पुसल्या जातील आणि कोरी पाटी घेऊन गेलात तर तपासणीवाले परत पाठवतील. तीन रात्री धीर धरा. भाच्यानं धीर धरला. म्हणजे रोज सकाळी अंघोळीच्या आधी गाडीची किल्ली फिरवून बघायचा.

फ्रीमाँटला पोचल्यावर एका सकाळी दिवा गेला. व्याह्यांनी लगेच दापोडीच्या जुन्या मित्राला फोन लावला, स्पीकरवर.

"अमेरिकेची गाडी. दिवा लागत होता, कुणाला कारण कळेना. मी रात्री दीड वाजता थंडीत उभं राहून आवाज ऐकला. नट आवळला. सकाळी दिवा गेलेला. पुढे वायसरची चीर नखानं शोधली ती वेगळीच."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे भाचेसुनेला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.