मला वाटलं, बदली खेळाडू येतोय

फुटबॉलमधला मिडफिल्डर म्हणजे लग्नघरातली थोरली काकू. पुढे काय चाललंय, मागे काय राहिलंय, कोण कुठून आत शिरतंय, सगळ्यावर तिची नजर. फोटोत मात्र दुसरेच.

ख्रिस कमारानं हे काकूपण वीस वर्षं निभावलं. मिडल्सबरोचा हा मुलगा सोळाव्या वर्षी ब्रिटिश नौदलात गेला. त्याचा खेळ पाहून पोर्ट्समथ क्लबानं 200 पौंड भरून त्याला तिथून सोडवलं. पुढे स्विंडन, स्टोक, लीड्स. 1992 साली लीड्स इंग्लंडचा विजेता ठरला, तेव्हा हा गडी काही महिन्यांपूर्वीच ल्यूटनला गेलेला. स्वयंपाकाला हजर, पंगतीला गैरहजर! मग थोडी मॅनेजरकी झाली, आणि शेवटी स्काय स्पोर्ट्स.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी. म्हणून स्कायच्या ‘सॉकर सॅटर्डे’ कार्यक्रमात सामना न दाखवता सामना पाहणारी माणसं दाखवतात. रेडिओला कान लावून क्रिकेट ‘पाहिलेल्या’ आपल्या पिढीला यात नवल वाटू नये.

एप्रिल 2010. पोर्ट्समथ विरुद्ध ब्लॅकबर्न. मैदान पोर्ट्समथचं फ्रॅटन पार्क, म्हणजे कमाराचं माहेरच. तिथून सामना पाहून सांगायचं काम त्याचं. स्टुडिओतून सूत्रसंचालक जेफ स्टेलिंगनं विचारलं, लाल कार्ड दाखवलंय म्हणे, कुणाला? कमारा म्हणाला, दाखवलंय? मला नाही ठाऊक, जेफ! स्टुडिओत हशा. जेफनंच सांगितलं की पोर्ट्समथचा व्हँडेन बोर्रे बाहेर गेलाय. आता बोटं काढ आणि मैदानावर किती उरलेत ते मोज. त्यावर हा म्हणतो, जाताना पाहिला मी त्याला, पण मला वाटलं, बदली खेळाडू येतोय.

वीस वर्षं सगळीकडे लक्ष ठेवलं ते कुणाच्या ध्यानात नाही. एकदा चुकलं आणि देशाचा लाडका झाला! पण मला त्यातलं ‘मला नाही ठाऊक’ फार आवडतं. आपल्याकडे रस्ता विचारला तर माहीत नसलेला माणूससुद्धा दोन वळणं सांगतोच.

2022 मध्ये कमारानं सांगितलं की त्याला अ‍ॅप्रॅक्सिया झालाय. मनातला शब्द जिभेवर वेळेत येत नाही. त्याच वर्षी त्यानं स्काय सोडलं. मी ती जुनी क्लिप अजून काढून बघतो. जेफनं बोटं मोजायला सांगितलं की माझाही हात आपोआप वर येतो. पण सामना दिसतच नाही, मोजणार काय?