भिवंडीकरांची कुजबुज

भिवंडीत पोर पाळण्यात असतानाच यंत्रमागांच्या खटखटाटावर झोपायला शिकतं. लाइट गेली, माग थांबले, की दचकून उठतं आणि भोकाड पसरतं. अशा गावातला माणूस निसर्गाच्या शांततेत जायचं म्हणतो, तेव्हा काळजी निसर्गाने करायची असते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की लोकांना बोरिवली आणि कान्हेरीची लेणी आठवतात. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा एक तुकडा वसईच्या खाडीच्या उत्तरेला, आमच्या अंगाला आहे. त्याचं नाव नागला. ससूनवघरपाशी आत शिरायचं आणि जंगलातून खाडीच्या दिशेने चालायचं. त्याआधी अंजूरफाटा, खारबाव, कामण, चिंचोटी हा कंटेनरांच्या गर्दीतला खरा ट्रेक. वसई घ्यायला याच अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पुढाकार घेतला, चिमाजी अप्पांची फौज आली आणि १७३९ साली वसई सर झाली. त्यांना तोफा आडव्या आल्या, कंटेनर नाही.

वाटेला लागताच सोबतचा वनरक्षक म्हणाला, ‘‘पक्षी बघायचे असतील तर हळू बोला.’’

मेहुण्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘‘दाजी, हळू म्हणजे किती?’’

समोरच्या ऐनावरून पोपटांचा अख्खा थवा उडाला.

मग बायको कुजबुजली, ‘‘अहो दादा, इथे बिबट्या आहे का हो?’’

‘‘होता ताई,’’ वनरक्षक म्हणाला. ‘‘आत्तापर्यंत.’’

दोन्ही बाजूंना कारवी माजली होती. कारवी सात-आठ वर्षं गप्प राहते आणि मग एकदाच फुलते, असं त्याने सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. फुललो नाही तरी चालेल, पहिला भाग जमव, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

खाडीकाठी तिवरं लागली. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळं नाकं वर काढून श्वास घेतात. आमच्या कामवारी नदीचं पाणी शेवटी याच खाडीला मिळतं. नाक वर धरायला तेवढं कारणही पुरेसं आहे.

जरा वर सावलीत बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सोडली. समोर पाणी, पलीकडे उद्यानाचा मोठा डोंगर. तोंडं भरलेली असल्यामुळे सगळे एकदमच गप्प झाले. मेहुणा बेचैन झाला.

‘‘दाजी, कानात काहीतरी होतंय.’’

‘‘याला शांतता म्हणतात.’’

‘‘किती वेळ असते?’’

तेवढ्यात पलीकडच्या घोडबंदर रस्त्यावर कुठल्याशा ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. मेहुण्याचा चेहरा खुलला आणि त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

परतीच्या वाटेवर दुर्बिणी लटकवलेली मंडळी भेटली. वहीत पक्ष्यांची नावं टिपत होती. त्यांतल्या एका काकांनी अगदी घशातल्या घशात विचारलं, ‘‘तुम्हाला काही दिसले का?’’

‘‘भरपूर दिसले,’’ बायको म्हणाली. ‘‘सगळे पाठमोरे.’’