क्वीअर नाटक पाहावे कसे? लंडनला निघालेल्या नवख्यांसाठी सहा सोप्या सूचना

१. नाट्यगृह शोधू नका, पब शोधा. सुरुवातीला 'रॉयल वॉक्सहॉल टॅव्हर्न' बरी. १९९५ पासून तिथे शनिवारी रात्री 'डकी' नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं रंगला. अशा ठिकाणी तिसऱ्या घंटेची वाट पाहू नये. खुर्ची मिळाली तर नशीब.

२. झगा घातलेला पुरुष दिसला तर दचकू नका. ब्रिटिश माणूस दर नाताळात मुलाबाळांसह पँटोमाइम या विनोदी नाटकाला जातो आणि 'डेम', म्हणजे त्यातली बाई, झालेल्या पुरुषाला पाहून खो-खो हसतो. तो कौटुंबिक कार्यक्रम. तोच झगा रात्री अकरा वाजता पबमध्ये दिसला, की काहींना संस्कृतीची काळजी लागते. फरक कळत नसेल तर घड्याळ पाहा.

३. एखादा विनोद खिशात ठेवा. १९८७ मध्ये, एड्सच्या धास्तीच्या दिवसांत, पोलिसांनी याच टॅव्हर्नवर धाड घातली, तीही रबरी हातमोजे चढवून. तेव्हा लिली सॅव्हेज या ड्रॅग पात्राच्या, म्हणजे बाईच्या, वेशात तिथे असलेले कलाकार पॉल ओ'ग्रेडी पुढे सांगत, की भांडी घासायला माणसं आली म्हणून आपण त्यांचं स्वागत केलं. हीच लिली नंतर बीबीसीवरून घरोघरी पोचली.

४. निघण्यापूर्वी कायदा तपासा. १९६८ पर्यंत नाटकाला लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीचा परवाना लागे. १९६५ मध्ये जॉन ऑस्बोर्नच्या 'अ पेट्रियट फॉर मी'ला समलैंगिकतेच्या चित्रणामुळे तो मिळेना, तेव्हा रॉयल कोर्ट थिएटरने स्वतःला खासगी क्लब ठरवलं आणि प्रेक्षकांना सभासद करून घेतलं. पुढे १९८८ मध्ये कलम २८ आलं: स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा प्रसार करायचा नाही. प्रसार कशाला म्हणायचं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे भित्र्या अधिकाऱ्यांची सोय झाली. इंग्लंडमध्ये हे कलम २००३ पर्यंत टिकलं.

५. पुढच्या रांगेत बसाल तर जबाबदारी तुमची. ट्रान्स कलाकार ट्रॅव्हिस अलाबान्झा यांच्यावर २०१६ मध्ये वॉटर्लू पुलावर भरदिवसा कुणीतरी बर्गर फेकला. बघणारे पुष्कळ होते, मधे कुणी पडलं नाही. २०१८ च्या 'बर्गर्झ' या आपल्या नाटकात अलाबान्झा रंगमंचावर बर्गर करायला घेतात आणि मदतीला प्रेक्षकांतल्या एका गोऱ्या पुरुषाला बोलावतात. 'आम्ही नुसतं बघायला आलोय' ही सबब सांगू नका. पुलावरचे लोकही नुसतं बघतच होते.

६. नाटक आवडलं तर टाळ्या वाजवून थेट घरी जाऊ नका. २०१५ मध्ये टॅव्हर्नचं नाव वारसा यादीत लागलं. समलैंगिकांच्या इतिहासासाठी हा मान मिळालेली ब्रिटनमधली ही पहिली वास्तू. त्याच वर्षी कॅम्डनमधल्या 'ब्लॅक कॅप' या नावाजलेल्या ड्रॅग पबला टाळं लागलं. वारसा यादी भिंती राखते, भाडं भरत नाही. तेव्हा बारवर जा आणि काहीतरी मागवा. दारू वर्ज्य असेल तर लिंबाचा सोडा घ्या, पण पैसे मोजा.