संगीत नाटकात वर्णी लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

गावच्या हौशी मंडळाने यंदा स्पर्धेसाठी ‘संगीत सौभद्र’ घ्यायचं ठरवलं आहे आणि ‘गायनाची आवड असणाऱ्या स्त्री-पुरुष कलाकारांनी रविवारी सायंकाळी पाच वाजता निवडचाचणीस उपस्थित राहावे’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला आहे. तुमच्या गाण्याला घरच्यांनी आजवर फक्त दारं लावून घेऊन दाद दिलेली आहे. तरीही जायचा मोह आवरत नाही. अशा इच्छुकांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

पहिल्यांदा हे समजून घ्या की अर्जुन ठरलेला आहे. कृष्णही ठरलेला आहे. सुभद्रा तर गेल्या दिवाळीतच अध्यक्षांच्या घरी फराळाच्या वेळी ठरली. मग चाचणी कशासाठी, असा प्रश्न विचारू नये. चाचणी ही लोकशाहीची खूण आहे आणि मंडळाच्या इतिवृत्तात तिची नोंद व्हावी लागते.

अर्जुन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. त्यांच्यावर राग धरू नका. एक तर त्यांचा स्वतःचा मुकुट आहे. दुसरं म्हणजे या नाटकात अर्जुन बराच काळ यतीच्या वेषात वावरतो आणि कफनीत पोट दिसत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा पुढच्या दीडशे वर्षांतल्या हौशी अर्जुनांची त्यांनी केवढी सोय करून ठेवली, याचा विचार समीक्षकांनी अजून केलेला नाही.

वयाबद्दलही बोलू नका. सुभद्रा उपवर आहे आणि ती करणाऱ्या काकूंच्या मुलीचं लग्न होऊन गेलंय, हा मुद्दा तुमच्या आधी अनेकांनी मांडला आणि ते सगळे आज प्रेक्षकांत बसतात. काकूंचं उत्तर तयार असतं. १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नायिका करत होते. आणि ‘सौभद्रा’ची पहिली गाजलेली सुभद्रा तर भाऊराव कोल्हटकर होते. यावर तुमच्याकडे काही बोलण्यासारखं आहे का? नाही. मग पाणी प्या आणि पदाच्या तयारीला लागा.

पद कोणतं निवडावं, इथे बहुतेकांचा घात होतो. ‘कट्यार काळजात घुसली’तलं काहीही घेऊ नका. त्या दिवशी येणारा प्रत्येक तरुण तेच घेऊन येणार आहे. शिवाय त्यातले निम्मे २०१५ च्या चित्रपटावरून शिकलेले असतात. मूळ १९६७ चं नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी काही नवी गाणी घातली. त्यातलं एखादं तुम्ही नाट्यपद समजून भक्तिभावाने आळवलंत, की परीक्षकांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ चष्मा काढून पुसायला घेतील. त्यांनी तो पुन्हा घातला नाही, तर तुमचं काम झालं असं समजावं. म्हणजे संपलं.

बालगंधर्वांची पदंही टाळावीत. कारण याच गृहस्थांच्या वडिलांनी १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ पाहिलेला असतो. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री बालीवाला थिएटरात जितकी माणसं मावणं शक्य होतं, त्याच्या कितीतरी पट माणसांचे वडील तिथे हजर होते. तुमची प्रत्येक जागा त्या रात्रीशी ताडून पाहिली जाईल. फारसं कुणी न गायलेलं, मध्य लयीतलं, दोन कडव्यांचं पद घ्या. चूक झाली तरी ती चाल तशीच असेल असं वाटायला वाव राहतो.

आता पट्टी. ‘कुठली पट्टी?’ हा प्रश्न पेटीवाले मान वर न करता विचारतात. ‘तुम्ही द्याल ती’ असं नम्रपणे म्हणालात, तर हा गायलेला नाही, हे तिथेच सिद्ध होतं. बाप्यांनी ‘काळी एक’ आणि बायकांनी ‘काळी चार’ असं ठामपणे सांगावं. आवाज तिथे पोचतो की नाही, हा नंतरचा प्रश्न. वरचा षड्ज लागत नसेल तर तिथे हात वर करून डोळे मिटावेत. श्रोते तो स्वर आपल्या मनातून भरून घेतात.

पेटीवाल्यांशी संबंध चांगले ठेवा, हे मात्र अगदी गंभीरपणे सांगतो. दिग्दर्शक वर्षाला बदलतो, पेटीवाले बदलत नाहीत. पंचक्रोशीत पायपेटी वाजवणारा एकच माणूस उरलेला असतो आणि चार मंडळं त्याच्या तारखा सांभाळून आपापली नाटकं लावतात. तुमची तान समेवर यायच्या ऐवजी भलतीकडे निघाली, तरी मनात आणलं तर ते तुम्हाला हाताला धरून घरी आणून सोडतात. मनात नसेल तर पेटी थांबवतात. त्या शांततेत आजवर कुणी सावरलेला नाही. तेव्हा आधी चहा विचारा. साखर किती, तेही विचारा.

गाणं झालं की गद्य. इथे गवई मंडळी हमखास आपटतात, कारण पद संपलं की आपलं काम संपलं अशी त्यांची समजूत असते. समोरचा बोलत असताना ते पुढच्या पदाचा सूर शोधत छताकडे बघत उभे राहतात. तुम्ही समोरच्याकडे बघा. एवढ्यानेच तुम्ही नट ठरता.

आणि गाता येतच नसेल तर? खचू नका. संगीत नाटकात न गाऊन अमर झालेल्यांची मोठी परंपरा आहे आणि तिचे मूळ पुरुष गणपतराव बोडस. ‘मानापमाना’त लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनराव, ‘एकच प्याला’त सुधाकर. एकीकडे बालगंधर्वांचं गाणं आणि दुसरीकडे हा माणूस नुसता बोलून भाव खाऊन जात होता. देवलांचा संशयखोर फाल्गुनराव तर मला कुठल्याही धीरोदात्त नायकापेक्षा जास्त आवडतो. गाणाऱ्या आश्विनशेठला लोक टाळ्या देतात, पण घरी जाताना बोलतात ते फाल्गुनरावाबद्दल. यंदा ‘सौभद्र’ आहे, तेव्हा तुमच्या वाट्याला घटोत्कच येईल. उंची पाच फूट दोन इंच असली तरी येईल. सुभद्रेला उचलून न्यायचं असतं आणि अर्जुनकाकांच्या पाठीला बंदी आहे, म्हणून काकूंना पेलण्याचा मान तुमचा. दिग्दर्शक शेवटी ते पळवणं अंधारात, नुसत्या किंकाळीवर भागवतो. तरीही चाचणीत दंड दाखवायला हरकत नाही.

एखादी गाणारी भूमिका चुकून मिळालीच, तरी लगेच पेढे वाटू नका. ‘सौभद्रा’च्या मूळ संहितेत शंभरावर पदं आहेत. ती जुन्या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांसाठी होती. आता शेवटची एसटी गाठायची असते. मग पदं कापली जातात आणि कापायची वेळ येते तेव्हा कात्री अर्जुनापाशी थांबते, सुभद्रेपाशी थांबते आणि तुमच्यापाशी येऊन मनासारखी चालते. पहिल्या आठवड्यात तीन पदं, दुसऱ्यात दीड, रंगीत तालमीला एक ओळ. ती ओळ अशी म्हणा की मावशीने मागच्या रांगेतून ‘वन्स मोअर’ द्यावा. मावशीला ती ओळ कोणती, हे आधी लिहून द्या. नाहीतर ती नांदीलाच देते.

गोव्यातल्या वाचकांना हे सगळं लागू नाही. तिथे देवळाच्या उत्सवातलं नाटक असेल तर आवाजाआधी वाडा विचारतात, आणि तुमच्या आजोबांनी नारद केला असेल तर नारद तुमचाच. तंबोरासुद्धा घरातच निघतो.

चाचणीतला सर्वांत अवघड भाग शेवटी येतो. गाणं, गद्य झालं की व्यवस्थापक वही उघडून अगदी सहज काही विचारतात. रोज रात्री नऊला तालमीला जमेल का? मार्चमध्ये कुणाचं लग्न? नोकरीत बदली होण्यासारखं काही? तुमच्याकडे टेम्पो आहे, किंवा टेम्पोवाला ओळखीचा आहे? निवड इथे होते. अर्धा तास घोटून घेतलेला यमन बाजूला राहतो आणि ‘मेव्हण्याचा छोटा हत्ती आहे’ या चार शब्दांवर तुम्ही बलराम होता. हे अन्यायाचं वाटेल, पण पायपेटी, पडदे, पेटारे आणि राजवाड्याचा मागचा दरवाजा तालुक्याहून स्पर्धेच्या गावी न्यायचा असतो. आणि गोड गळ्यात यातलं काही मावत नाही. ज्या गवयांना हे पटत नाही ते चौथ्या तालमीला येत नाहीत. मंडळ कसं चालतं, हे व्यवस्थापकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

प्रश्नांना सरळ उत्तरं द्या. तिकिटं किती खपवाल, याला मात्र निम्मा आकडा सांगा. उरलेली तुमच्याच खिशातून जातात.

काहीच मिळालं नाही तर प्रॉम्प्टिंग मागा. बुकात बघून विंगेत उभं राहायचं काम कुणाला नको असतं. पण तिसऱ्या अंकात अर्जुनकाका वाक्य विसरतात, तेव्हा सबंध द्वारका तुमच्या तोंडाकडे बघत असते.

शेवटची सूचना वेळेबद्दल. चाचणी पाचला आहे, म्हणजे पेटीवाले साडेसहाला येतील आणि अध्यक्ष सातला. तुम्ही पाचला पोचलात तर हॉल झाडायला लागेल, सतरंज्या घालाव्या लागतील आणि निघताना किल्ली तुमच्याकडे दिली जाईल. बिनधास्त घ्या. किल्लीवाल्याला काढून टाकल्याचं कुठल्याही मंडळात घडलेलं नाही.