दर्शनी बाजूची छाननी

वारसा परिसरातल्या घराच्या भिंतीला दोन मालक असतात. आतली बाजू राहणाऱ्याची. बाहेरची बाजू रस्त्याची, शहराची, इतिहासाची आणि ठरलेल्या दिवशी बैठकीला जमणाऱ्या समितीची. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने १९३१ साली ही विभागणी कायद्यात बसवली आणि घराच्या बाहेरून काय बदलायचे हे विचारायला घरमालकाला एका मंडळापुढे उभे केले. भारतात हा मान मुंबईचा. १९९५ मध्ये मुंबईची वारसा नियमावली लागू झाली, महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी वारसा संवर्धन समिती आली आणि गिरगावातल्या माणसाला आपल्या खिडकीविषयी इतक्या शिकलेल्या लोकांचे मत असू शकते, हे पहिल्यांदा कळले.

नियमावलीने इमारतींना श्रेणी दिल्या: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखी वास्तू श्रेणी एकमध्ये. तिला आतून-बाहेरून हात लावायचा तर अगदी गरजेपुरता. श्रेणी जसजशी उतरते तसतशी मोकळीक वाढते. याशिवाय बाणगंगा किंवा खोताची वाडी यांसारखे अख्खे परिसर असतात, जिथे एकटे घर फारसे थोर नसले तरी चालते, शेजारचे मिळून थोर असतात. श्रेणीविषयी रहिवाशांची भूमिका दुहेरी आढळते. पाहुण्यांपुढे ‘आमचं घर हेरिटेजमध्ये आहे’ हे वाक्य अभिमानाने येते आणि वॉर्ड ऑफिसात तेच वाक्य तक्रार म्हणून येते. २०१२ मध्ये नव्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कचे नाव निघाले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी हा सन्मान परत घ्यावा म्हणून जोरदार विरोध केला.

छाननीची सुरुवात अर्जापासून होते. अर्जासोबत नकाशे, चारही बाजूंची छायाचित्रे, संरचना अभियंत्याचा अहवाल आणि कामाचे कारण द्यायचे असते. कारण घरमालक सांगतो तेव्हा ते असे असते: खिडकी सडली, पाऊस आत येतो, परवा आई ओल्या फरशीवरून घसरली. तेच वास्तुविशारदाच्या हातून समितीपुढे येते तेव्हा होते: ‘पश्चिम दर्शनी भागावरील काष्ठझडपांची अंशतः पुनर्स्थापना.’ आई कागदावरून गळते. नियमावलीत तिच्यासाठी रकाना नाही.

अर्जाची तपासणी करून अभिप्राय लिहिणारा जो वर्ग आहे, त्याचा एक ठळक नमुना म्हणजे प्रस्तुत लेखक. या वर्गाची पहिली खूण म्हणजे वर पाहत चालणे. गिरगावच्या भर गर्दीत तो एखाद्या लाकडी कंसाखाली मान उंचावून उभा राहतो. हळूहळू आणखी चारजण थांबून वर पाहू लागतात, कारण त्यांना वाटते कोणीतरी उडी मारणार आहे. दुसरी खूण ‘हे मूळचं नाही’ हे वाक्य. ते एका नजरेत, शक्यतो घरमालकाच्या देखत आणि चहा यायच्या आत उच्चारायचे असते; त्यानंतरच्या शांततेत या वर्गाला जे समाधान मिळते, ते मानधनात मिळत नाही. तिसरी खूण निवासस्थान. प्रस्तुत लेखक उपनगरातल्या एका निनावी वळणाच्या इमारतीत राहतो. त्याच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या आहेत आणि ग्रिल भरपूर पुढे आलेले आहे. त्याच्या घराला कोणतीही श्रेणी नाही, आणि ती मिळावी अशी त्याची इच्छाही नाही.

अर्जांत सर्वांत मोठा भरणा खिडक्यांचा. जुन्या झडपा बहुधा बर्मा सागाच्या असतात, आणि ‘खिडकी गेली’ असे जेव्हा घरमालक म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात खालची आडवी पट्टी गेलेली असते, कारण पाणी तिथे साचते. चांगला सुतार वरच्या चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकतो, आवाज ऐकतो, खालच्या पट्टीत पटाशीचे टोक रुतवतो. वर टणटणीत, खाली भुसा. सडलेला तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड दिला की झडप आणखी एक पिढी चालते. पण असा सुतार मिळणे अवघड आणि ॲल्युमिनियमवाला तर दुसऱ्याच दिवशी माप घेऊन जातो. सरकत्या खिडकीचा दोष केवळ दिसण्याचा नाही. ती सहसा अर्ध्याहून जास्त उघडत नाही, आणि मुंबईच्या मे महिन्यात ही वास्तुशास्त्रीय आपत्ती आहे. प्रस्तुत लेखक हे अनुभवाने सांगू शकतो.

यानंतर रंग. विषयाच्या मानाने रंगाला इथे जास्त जागा मिळणार आहे. समितीच्या बैठकीतही मिळते.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात रॉयल क्रेसेंट नावाची तीस घरांची अर्धवर्तुळाकार रांग आहे, १७६७ ते १७७५ या काळात बांधलेली. रांगेतली दारे पांढरी असावीत असा संकेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका बाईंनी आपले दार पिवळे रंगवले. पालिकेने नोटीस काढली, बाई हटल्या नाहीत, प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेले आणि एका दाराच्या रंगावर जाणत्या माणसांनी साक्षी दिल्या. बाई जिंकल्या. पुढे एडिंबरामधल्या न्यू टाउनमध्ये दुसऱ्या एका बाईंनी दार गुलाबी केले. २०२२ मध्ये पालिकेने हरकत घेतली आणि ते दार जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. एडिंबराच्या बाईंचे घर जयपूरला असते तर प्रश्नच नव्हता. तिथे १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराज सवाई रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतले, आणि आता परकोटाच्या आतल्या बाजारांत गुलाबी न लावणे हा अपराध ठरतो. शुद्ध अभिरुची नावाची वस्तू अक्षांश-रेखांशाप्रमाणे बदलते, एवढे यावरून निघते; पण बैठकीत हे बोलून दाखवायचे नसते.

मुंबईच्या बैठकीत पिवळ्या-गुलाबीपर्यंत मजल जात नाही. इथली लढाई क्रीम आणि बिस्किट यांच्यात होते. शेडकार्ड टेबलावर फिरते. एक सदस्य ते खिडकीपाशी नेऊन उन्हात पाहतो, दुसरा चष्मा काढून पाहतो. मग प्रस्तुत लेखकाचे आवडते प्रकरण निघते: खरवड. भिंतीच्या आडोशाच्या कोपऱ्यात बशीएवढी जागा धारदार पात्याने थरथराने खरवडायची. वरचा क्रीम जातो, खाली पिस्ता निघतो; पिस्त्याखाली आकाशी, आकाशीखाली गेरू, आणि गेरूखाली पुन्हा क्रीम. मूळ रंग सापडला म्हणून प्रस्तुत लेखकाचा चेहरा उजळतो. तेवढ्यात घरातले आजोबा सांगतात की पिस्ता त्यांच्या मुंजीचा आहे आणि आकाशी त्यांच्या वडिलांनी हौसेने लावला होता. आजोबांच्या साक्षीला अहवालात ‘मौखिक माहिती’ म्हणतात आणि ती परिशिष्टात जाते.

ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवले की समिती अणुभट्टी चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर तावातावाने वाद घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. रंगाचे तेच आहे. बाहेरच्या बदलांपैकी सर्वांत सहज उलटवता येणारा बदल हाच; नको वाटला तर पुढच्या खेपेला बदलावा. म्हणूनच बहुधा त्यावर इतके बोलणे परवडते.

ज्यावर बोलायला हवे ते अर्जात एका ओळीत असते: ‘बाह्य गिलाव्याची दुरुस्ती.’ जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि पाऊस सरला की ते सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत शिरायचे थांबत नाही, कारण गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतातच. थांबते ते बाहेर पडणे. ओल भिंतीतच कोंडते, क्षार वर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात, तुळईचे भिंतीत गेलेले टोक सडते. वरून मात्र सारे गुळगुळीत आणि क्रीम रंगाचे. काही वर्षांनी गिलावा दगडाचा वरचा थर घेऊनच खाली येतो. चुना मळायला वेळ लागतो, मुरायला वेळ लागतो, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालण्याची कृती माहीत असलेले गवंडी मोजके उरले आहेत. सिमेंटची गोणी नाक्यावर मिळते. शेडकार्डाला मिळणाऱ्या वेळापैकी थोडा वेळ गोणीला मिळाला असता तर पुष्कळ भिंती वाचल्या असत्या.

ग्रिल आणि एसी हे घटक थोडक्यात उरकता येतात, कारण त्यांच्यासाठी फारसे कोणी अर्जच करत नाही. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह जागतिक वारसा ठरल्या. त्यांच्या गोलाईदार बाल्कन्या समुद्राच्या वाऱ्यासाठी काढलेल्या होत्या. जिथे त्या काचांनी बंद झाल्या तिथे आता वारा विकत घ्यावा लागतो आणि त्याचे यंत्र पुन्हा बाहेरच टांगावे लागते.

निळ्या ताडपत्रीचे प्रकरण वेगळे आहे. जूनच्या आधी गिरगाव-भुलेश्वरच्या छपरांवर आणि वेदर शेडांवर ती पसरते. दर्शनी भागाचे सौंदर्य ज्याला म्हणतात ते चार महिने तिच्याखाली असते. तिच्यावर शेरा मारणे सोपे आहे आणि प्रस्तुत लेखकाने तो सफाईदार भाषेत मारलेलाही आहे. पण ताडपत्रीचा हिशेब रंगाच्या शेडकार्डात नाही, भाडेपावतीत आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तीही त्या गोठलेल्या आकड्यावर. एवढ्या भाड्यात मालक सागाची झडप करत नाही, कौले बदलत नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या छपरावर किती खर्च करणार? वारसा शहराचा, गळती मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईच्या अंथरुणात. तिने बाहेरच्या बाजूने प्लॅस्टिक ठोकले तर त्याला विद्रूपीकरण म्हणतात. आणि दुसरीकडे श्रेणी तीनमधल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या छाननीतून सूट मिळाली. म्हणजे झडप बदलायला परवानगी लागते, चाळ पाडून मनोरा उभारायला वाट मोकळी. खोताची वाडी ज्या दादोबा वामन खोतांनी भूखंड देऊन वसवली, त्या वाडीतल्या लाकडी सज्ज्यांची आणि बाहेरच्या जिन्यांची घरे एकेक करून कमी होत गेली. ती काही चुकीच्या रंगामुळे गेली नाहीत. ज्याचे बांधकामाचे हक्क वारशापायी अडतात त्याला ते दुसरीकडे विकण्याची तरतूद नियमावलीत आहे. ती इमारतीच्या मालकासाठी. भाडेकरूसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि ती छापील आहेत.

छाननीअंती तीन निकाल संभवतात: मंजुरी, नामंजुरी आणि ‘सुधारित प्रस्ताव सादर करावा’. तिसरा सर्वाधिक आढळतो. मंजुरीला अटी जोडलेल्या असतात: मूळ साहित्य जपावे, नवे काम ओळखू यावे पण खुपू नये, नमुना म्हणून एक झडप आधी करून दाखवावी. या शेवटच्या अटीमुळे पुष्कळ घरांत एक देखणी सागाची झडप आणि पाच जुन्या असे दृश्य दिसते, कारण पैसे नमुन्यातच संपतात.

काम झाल्यावर पाहणी होते. परीक्षक रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून मंजूर नकाशा आणि इमारत आळीपाळीने पाहतो. झडपांची ठेवण, पट्ट्यांची जाडी, गिलाव्याचा पोत, रंग, पागोळीची नळी कोणत्या बाजूने उतरवली आहे, हे तपासून फोटो काढले जातात. फोटोत सज्ज्यावरचे टॉवेल, गाऊन आणि शाळेचे मोजे येतात. त्यांना हटवायला सांगण्याचा अधिकार परीक्षकाला नाही. वाळत घातलेले कपडे तात्पुरत्या स्वरूपाचे असल्याने त्यांना परवानगी लागत नाही.