हार्वर्ड नको, पांझरा लिहा

जळगाव-धुळ्याकडची पोरं आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी जे सराव निबंध लिहितात, त्यांच्या बॉडी पॅराग्राफमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: हार्वर्ड विद्यापीठाच्या पाहणीनुसार अमुक टक्के लोकांना असं वाटतं. कुठली पाहणी, कुठले लोक, काही पत्ता नाही. पाठ केलेल्या साच्यात जागा रिकामी ठेवलेली असते, विषय आला की भरायची. क्लासवाल्यांनी हे शिकवणं आजच थांबवावं.

स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या, असं प्रश्नातच छापलेलं असतं. लेखनाच्या टास्क टूला, म्हणजे या निबंधाला, ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. गुणांत त्याचं वजन टास्क वनच्या दुप्पट. परीक्षक हार्वर्डची खातरजमा करायला जात नाही, हे खरं. पण त्या वाक्यानं मुद्दा तसूभरही पुढे सरकत नाही, आणि पाठांतर त्याला लगेच ओळखू येतं.

समजा प्रश्न आला: पाण्याची व्यवस्था सरकारनं बघावी की लोकांनी? साक्री-धुळ्याच्या पोरानं पांझरा नदीवरची फड पद्धत लिहावी. पहिल्या वाक्यात दावा: पाणी ज्यांच्या शेतात जातं, ते वाटप नीट सांभाळतात. मग कारण: पाटाच्या शेवटी असलेल्याला पाणी मिळालं नाही, तर भांडण गावातच होतं, म्हणून नियम पाळावे लागतात. मग उदाहरण: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला पाटकरी, आणि हे शतकानुशतकं चालत आलेलं. शेवटी यातून दावा कसा सिद्ध होतो, ते एका वाक्यात. झाला पॅराग्राफ. ‘मोरओव्हर’ लागलं नाही की ‘फर्दरमोर’ लागलं नाही. एक वाक्य दुसऱ्याला धरून आलं.

रावेर-यावलच्या पोरीकडे तर दुसऱ्या पॅराग्राफचा ऐवज घरातच आहे. केळीला ठिबक आलं, थेंब थेंब वाचला. तरी ज्याची विहीर त्याची मर्जी, म्हणून बोअर खोल खोल जात राहिले. इथे सरकारी नियम का हवा, हे तिच्याइतकं ठामपणे कोण लिहील? इंग्रजी साधं असलं तरी चालेल. जे डोळ्यांनी पाहिलंय ते लिहिताना शब्दही नेमके सुचतात. शब्दसंपत्तीला वेगळे गुण आहेतच.

एक मात्र कटाक्षानं पाळा. पांझरा आणि केळी एकाच पॅराग्राफात कोंबू नका. प्रत्येक पॅराग्राफात एक मध्यवर्ती मुद्दा स्पष्ट दिसावा. ४० मिनिटांतली पहिली पाच निबंध सुरू न करता हे दोन मुद्दे ठरवण्यात घालवा, आणि प्रत्येकासमोर आपल्या तालुक्यातलं एक गाव लिहा.