दीड मिलिसेकंदाचा संसार

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका गृहस्थांनी पन्नाशीला टेकता टेकता लाल हॅचबॅक घेतली. सेकंडहँड होती, पण टर्बो होती. टायर रुंद, बांधा बुटका. आईंना मागच्या सीटवर बसवायचं तर आधी डोकं, मग काठी आणि मग उरलेल्या आई, असा क्रम पाळावा लागे. सोसायटीतली पोरं म्हणाली, "काका, कडक गाडी!" गृहस्थांनी त्यातलं 'काका' तेवढं वगळलं आणि बाकीचं वाक्य घरी येऊन सांगितलं.

गाडीत खोट एकच होती. धावायची सुसाट आणि गायची नाकात.

(हे गृहस्थ कोण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल. पण पुढे येणारा बिलाचा आकडा पाहता निवेदन तृतीयपुरुषी असलेलंच बरं.)

आता यात दोष नुसता स्पीकरचा नाही, नाशिकच्या पाण्याचाही आहे. ढोल महाराष्ट्रभर वाजतो, पण गावाचं नाव लावून मिरवतो तो 'नाशिक ढोल'. लहानपणापासून तो बरगड्यांनी ऐकलेला असला की 'बेस' नावाची गोष्ट कानाला पटवून द्यावी लागत नाही. याच गावात विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात येऊन राहिले, रामनाम आधाराश्रम काढला, आणि १९२१ साली त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे पुढचे पंडित द. वि. पलुस्कर, इथेच जन्मले. म्हणजे छातीला ढोल हवा आणि कानाला पलुस्कर. दोन्ही एकाच गाडीत बसवायचे, हा गृहस्थांचा मनसुबा.

गाडीत गाणं वाजवण्याचा हट्ट तसा जुना. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसेल असा रेडिओ बाजारात आणला आणि मोटार व व्हिक्ट्रोला यांची सांगड घालून त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे मोबाइलवर दिसलेलं नाव ते हेच. १९५६ मध्ये क्रायस्लरने तर कमाल केली. डॅशबोर्डखाली चक्क तबकडी वाजवायचं यंत्र बसवलं. तबकडी सात इंची, फिरायची मिनिटाला १६⅔ वेळा, आणि खड्ड्यात सुई उडू नये म्हणून ती तबकडीवर जोराने दाबून धरलेली. चार-पाच वर्षांत हा प्रकार बंद पडला. पावसाळ्यानंतरच्या द्वारका चौकातून एकदा फिरवून आणलं असतं, तर पहिल्याच संध्याकाळी बंद पडला असता.

खरं डोकं लावलं ते अमर बोस यांनी. वडील बंगालचे, मुलगा फिलाडेल्फियात वाढलेला, एमआयटीत प्राध्यापक. घरातला सोफा कोण कुठे ठेवील, पडदे जाड लावील की पातळ, हे स्पीकर बनवणाऱ्याला कधीच कळत नाही. गाडीचं तसं नाही. सीट कुठे, काच कुठे, माणसाचे कान साधारण कुठे, हे सगळं आधीच ठरलेलं. तेव्हा गाडी आणि स्पीकर यांचं लग्न कारखान्यातच लावावं, असं त्यांचं म्हणणं. १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये त्यांची यंत्रणा त्याच हिशेबाने बसली. गृहस्थांचा मामला निराळा होता. त्यांची गाडी लग्नाची झाली होती आणि स्थळं त्यांनाच शोधायची होती.

द्वारकेच्या पुढे एका गाळ्यात इन्स्टॉलर सापडला. वय पंचविशीचं, एका कानात बाळी, दोन बोटांना चिकटपट्टी. स्पीकर कोणते, वॅट किती, असं काही न विचारता त्याने दारावर टिचकी मारली.

"काका, हा दरवाजा नाही. डबा आहे."

मग त्याने जे सांगितलं ते कुठल्याही फिजिक्सच्या सरांनी ऐकावं असं होतं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या उलट. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं असतात, त्यातून मागची लाट बाहेर येऊन पुढचीला भेटते आणि दोघी मिळून बेस खाऊन टाकतात. म्हणून आधी भोकं बुजवायची, मग पत्र्यावर ब्यूटाइल रबराचे, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेले तक्ते रोलरने दाबून बसवायचे. याला म्हणायचं डॅम्पिंग. स्पीकर अजून खोक्यातच होते आणि खर्चाचा आकडा पाच अंकी झाला होता.

डॅम्पिंग झालेल्या दारावर टिचकी मारली तर पाटावर मारल्यासारखी वाजली. दार लावलं तर 'खण्' जाऊन 'धप्प'. पुढचे तीन दिवस गृहस्थ जेवण झालं की खाली जायचे, दार उघडायचे, लावायचे आणि समाधानाने वर यायचे.

"अहो," चौथ्या दिवशी गृहिणी म्हणाल्या, "दारच ऐकायचं होतं, तर गाण्याचे पैसे कशाला भरताय?"

मग आला अ‍ॅम्प्लिफायर. नव्वदच्या दशकात ज्यांनी टू-इन-वन घेतला, त्यांना खोक्यावरचा 'पीएमपीओ' आठवत असेल. खेडं उजळेल एवढे वॅट छापलेले, आणि आवाज मात्र शेजारच्या खोलीत पोचताना दमायचा. गृहस्थांनी पसंत केलेल्या अ‍ॅम्पवरही २००० वॅट असं ठळक लिहिलं होतं. पोराने तो उलटा केला आणि फ्यूज दाखवला. तीस अँपिअरचा. "गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. बारा गुणिले तीस किती, काका?" तीनशे साठ. इंजिन चालू असताना व्होल्ट चौदाच्या घरात जातात, म्हणजे आणखी थोडे. त्यातलेही काही उष्णतेत जाणार. "दोन हजार वॅट याच्या बापालाही जमणार नाहीत. आरएमएस बघायचं, फ्यूज बघायचा. स्टिकर बघायचं नाही." आयुष्यभर बँकेत लोकांचे ताळेबंद तपासलेल्या माणसाला हा हिशेब पोराकडून ऐकावा लागला.

सबवूफर डिकीत गेला आणि डिकी अर्धी राहिली. पिंपळगावहून येणारी द्राक्षांची पेटी तेव्हापासून गृहिणींच्या मांडीवर बसून येते. पण बेस आला! चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते आणि गाडी चार मीटरसुद्धा नाही. लाट आत मावतच नाही. नुसता हवेचा दाब चढतो आणि उतरतो, आणि बंद जागेत एवढासा सबवूफरही ढोलपथकासारखा छाती दाबतो. गृहस्थांनी पार्किंगमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मागची नंबरप्लेट घुंगरासारखी वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या सेवानिवृत्त शेजाऱ्यांनी खाली येऊन मोबाइलवर डेसिबल मोजले आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम पाठ म्हणून दाखवला. नंबरप्लेटच्या मागे दुहेरी चिकटपट्टी लावून घुंगरू थांबलं. शेजाऱ्यांवर तो उपाय नव्हता.

एक खडखड मात्र जाईना. ढोल सुरू झाला की डॅशबोर्डच्या पोटात काहीतरी ताल धरायचं. पोराने डॅशबोर्डचा निम्मा भाग उतरवला, वायरींना फोम गुंडाळला, एक दिवसाची मजुरी लावली. खडखड तिथेच. शेवटी गृहिणींनी ग्लोव्हबॉक्स उघडून आईंची आवळासुपारीची पत्र्याची डबी बाहेर काढली आणि काही न बोलता पर्समध्ये टाकली. ते न बोलणं गृहस्थांना अजून ऐकू येतं.

याच सुमारास भाचा घरी आला. तो अंबडला एका व्हेंडरकडे कामाला. "मामा, सबुरी धरली असती तर?" असं म्हणून त्याने सुरुवात केली. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली थार रॉक्स आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनते, वरच्या मॉडेलमध्ये हरमन कार्डनचे नऊ स्पीकर बसूनच येतात. चाकणची बीई ६ घ्या, विजेवर चालणारी. तिच्यात सोळा स्पीकर, १४०० वॅट. शिवाय इंजिन नाही म्हणून गाडी गप्प, तर तिला आवाज द्यायला कोण? ए. आर. रहमान! गृहस्थांनी हे ऐकून घेतलं. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम५ मध्ये इंजिन असूनही त्याचा आवाज आत नीट पोचेना, म्हणून तो स्पीकरमधून सोडला होता, ही माहिती त्यांच्याकडे होती. ती त्यांनी भाच्याच्या तोंडावर फेकली. भाचा म्हणाला, "मग?" गृहस्थांना पुढचं सुचलं नाही.

आता आपण मुद्द्यावर येऊ, म्हणजे दीड मिलिसेकंदावर.

आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या कानापासून नव्वद सेंटिमीटर, डावा एक मीटर चाळीस. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावीकडचं गाणं दीड मिलिसेकंद उशिरा पोचतं. एवढ्याने काय बिघडतं? सगळं बिघडतं. जो आवाज आधी येतो, तिकडेच गाणारा बसलाय असं मेंदू धरून चालतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने हे १९४९ साली मोजून दाखवलं. म्हणून डीएसपी नावाची एक डबी बसवायची आणि जवळच्या स्पीकरला सांगायचं, बाबा रे, तू दीड मिलिसेकंद थांब, लांबचे पाहुणे येऊ देत.

पोराने सुताराची टेप काढली. एक टोक स्पीकरला, दुसरं गृहस्थांच्या कानाला. "डोकं हलवू नका, काका." मग डोक्याच्या जागी माइक ठेवून 'पिंक नॉइज' सोडला, जो ऐकायला थेट भर पावसातल्या सोमेश्वरच्या धबधब्यासारखा. लॅपटॉपवर डोंगर-दऱ्यांची रेघ उमटली आणि पोरगा तासभर डोंगर खाली आणि दऱ्या वर करत बसला.

"आता तुमचं गाणं लावा."

गृहस्थांनी पलुस्कर लावले. रामचंद्राचं ते भजन, घरोघरी ठाऊक असलेलं. पोराने कान दिला. "काका, हे तर मोनो आहे." होतंच. पलुस्कर १९५५च्या ऑक्टोबरात गेले, वय अवघं ३४. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला अजून दोन-तीन वर्षं होती. "पण बरं झालं," पोरगा म्हणाला, "मोनोच पाहिजे. दोन्हीकडे तंतोतंत एकच आवाज, म्हणजे गाणारा बरोबर मधे दिसला पाहिजे."

आणि दिसला. दारात नाही, पायाशी नाही. समोर काचेपाशी, बॉनेटच्या मध्यावर मांडी घालून पलुस्कर गात होते. एक लाख बेचाळीस हजार रुपये खर्चून गृहस्थांनी एका माणसाला गाडीच्या मधोमध बसवलं होतं.

"इकडे तर दारातून येतंय," गृहिणी पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. पोराने त्यासाठी 'सगळ्यांसाठी' असं दुसरं सेटिंगही दिलं होतं. त्यात सगळ्यांना सारखंच वाईट ऐकू येई, म्हणून गृहस्थांनी ते एकदाच वापरलं. "कान तयार व्हावा लागतो," ते म्हणत.

मागच्या महिन्यात ठाण्याला साखरपुडा होता. परतीला गृहस्थांची कंबर धरली, दुपारच्या जिलबीने डोळेही जड झाले, आणि शहापूरला चहा घेऊन गृहिणी स्टिअरिंगवर बसल्या. त्या गाडी चांगली चालवतात, हे गृहस्थ चारचौघांत सांगतात. डावीकडे बसून मान्य करायची वेळ क्वचित येते. कसारा घाट लागला, वेग उतरला, टायरची घरघर कमी झाली. गृहस्थांनी पलुस्कर लावले.

पलुस्कर डाव्या दारात होते. खालच्या कप्प्यात, पाण्याची बाटली आणि टोलची जुनी पावती यांच्या मधे बसून गात होते. साहजिकच होतं, उजवा स्पीकर आधीच गृहस्थांपासून लांब आणि वर त्याला दीड मिलिसेकंद थांबायची ताकीद, तीही त्यांनीच पैसे मोजून दिलेली.

"अगं बाई," गृहिणी म्हणाल्या, "हे तर इथे समोर बसलेत!"

गृहस्थ हळूच उजवीकडे कलले. पलुस्कर दारातून किंचित निघाले. आणखी कलले, गिअरच्या दांड्यापर्यंत.

"अहो, सरळ बसा. आरसा दिसत नाहीये."

मागून आईंनी काठी सीटच्या पाठीला लावली. "आवाज वाढव गं जरा. मला मेला नुसता डग्गाच ऐकू येतोय."